अडतीस सेकंद, न कापता

[फोटो १ ते ६०. प्रत्येकी चार सेकंद. संगीत: ठरायचं आहे.]

साखरपुड्याला अकरा दिवस राहिले होते, आणि नंदिनीच्या लॅपटॉपमध्ये दोन घराणी एकाच फोल्डरात दाटीवाटीनं बसली होती. फोटो चारशे बारा. त्यातले साठ निवडायचे, त्यांचा चार मिनिटांचा स्लाइड शो करायचा, खाली संगीत घालायचं आणि विजय नगरच्या हॉलमध्ये अंगठ्यांच्या आधी सगळ्यांना दाखवायचा. कल्पना यशवर्धनची, काम नंदिनीचं. पुढेही हे असंच चालणार आहे का, असं तिनं विचारलं तेव्हा नवरदेव म्हणाले, "अरे यार, सॉफ्टवेअरवाली तू आहेस. मी तर सिव्हिलवाला आदमी. भिंत बांधायची असेल तर सांग, उद्या बांधून देतो."

फोटो निवडणं सोपं गेलं. घोडं अडलं ते संगीतापाशी.

लावून पाहिलेलं आणि काढून टाकलेलं:

बासरी. कुणीतरी वारल्यासारखं वाटलं.

पियानो. टू बीएचके फ्लॅट विकायला काढलाय, बुकिंग सुरू.

सनई-चौघडा. यशवर्धनच्या आईची पसंती. यशवर्धनचे पूर्वज होळकरांच्या फौजेत नाव काढलेले, त्यांच्या फोटोंखाली चौघडा शोभून दिसायचा. मग नंदिनीच्या घरचे फोटो यायचे, छत्रीबागेतल्या दीड खोलीतले, आणि चौघडा त्यांच्याकडे पाहुण्यासारखा बघत राहायचा.

लष्करी बँड. ही पप्पांची फर्माइश. नंदिनीचे पप्पा म्हणजे रत्नपालजी, बँकेत मॅनेजर, फर्माइश करतानाही सर्क्युलर काढल्यासारखं बोलणारे. "आजोबांचा युनिफॉर्मवाला फोटो येईल ना, त्याच्या खाली मार्च लावायचा. कडक. समोरचे लोक बघतील."

समोरच्या लोकांनी बघणं महत्त्वाचं होतं. यशवर्धनच्या घरात या लग्नाला शेवटचा होकार त्याचे आजोबा मालोजीराव यांचा आला होता. पंच्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत फिरणारे, घरातले सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. चार महिने ते गप्प होते. मग एक दिवस म्हणाले, "मुलीच्या घरचे महूचे फौजी लोक आहेत ना? मग ठीक आहे. तलवारीची माणसं तलवारीच्या माणसांना ओळखतात."

नंदिनीचे पणजोबा खरंच महूच्या छावणीत शिपाई होते. त्यांचा फोटो भिंतीवर होता. शेजारी आजोबांचा, म्हणजे तात्यारावांचा: लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर आडवे पांढरे पट्टे, टोपीला तुरा. आजोबा बँडमध्ये होते, पणजोबा फौजेत होते. ही दोन वाक्यं घरात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिली होती की कधीतरी त्यांचं लग्न लागून गेलं, आणि आजोबा फौजेच्या बँडमध्ये होते असं तिसरंच वाक्य जन्माला आलं. नंदिनी त्या वाक्याबरोबरच वाढली. तिच्या जन्माआधीच आजोबांचे पुढचे दात पडून गेले होते, क्लॅरिनेट विकली गेली होती. विचारायचं काय राहिलं होतं?

[फोटो २३. प्रश्न.]

विचारलं लॅपटॉपनं.

फोटोंच्या त्या प्रोग्रामला एक खोड होती. चारशे बारा फोटोंतले चेहरे तो आपणहून ओळखायचा आणि एका माणसाचे सगळे फोटो एका ढिगात घालायचा. शंका आली की दोन चेहरे शेजारी ठेवून विचारायचा: ही एकच व्यक्ती आहे का?

सकाळी पोहे खाता खाता नंदिनीनं असे वीस-पंचवीस प्रश्न निकालात काढले होते. मावशी आणि मावशीची बहीण. यशवर्धन वय तीन आणि यशवर्धन वय एकोणतीस. मग डावीकडे आला आजोबांचा भिंतीवरचा चेहरा. उजवीकडे एक चेहरा, गाल फुगलेले, ओठांत क्लॅरिनेट.

ही एकच व्यक्ती आहे का?

ती "हो" दाबणारच होती. मग तिची नजर फोल्डरच्या नावावर गेली. उजवीकडचा फोटो तिच्या घरचा नव्हताच.

तिनं तो पूर्ण उघडला. वरात. घोडीवर नवरदेव, मागे दगडी ओटा असलेलं मोठं घर, पुढे लाल कोटातली दहा-बारा माणसं. तोच कोट. तीच झालर. तेच पट्टे. ढोलावर गोल अक्षरांत लिहिलेलं: नवजीवन बँड, छत्रीबाग.

तिनं यशवर्धनला फोटो पाठवला. फोन लगेच आला.

"हा तर मम्मी-पप्पांच्या लग्नाचा. अठ्ठ्याऐंशीचा. काय झालं?"

"ते क्लॅरिनेटवाले कोण आहेत?"

"कोण म्हणजे? बाजेवाले आहेत. मला काय माहीत."

"मला माहीत आहे," नंदिनी म्हणाली, आणि पोह्यांची बशी तशीच ठेवून स्कूटीची किल्ली घेतली.

[फोटो नाही. छत्रीबाग.]

तात्याराव खाटेवर बसून रेडिओच्या सेलची बाजू उलटसुलट करत होते. आजी चंपाबाई दारात मेथी निवडत होती. नंदिनीनं जय भीमही न म्हणता फोन आजोबांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा मागचा बघ. शंकर. ढोलवाला. काय हात होता याचा!"

"आजोबा, तुम्ही लग्नाच्या बँडमध्ये होतात?"

"मग काय तुला वाटलं, बर्फाच्या गाडीवर होतो?"

"फौजेत नव्हतात."

"फौजेत माझा बाप होता. मी चौतीस सीझन वाजवलं, ह्या शहरातली अर्धी लग्नं लावली."

"मग घरात सगळे फौज फौज म्हणायचे तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

तात्याराव सेल घालण्यात गुंतले. उत्तर दारातून आलं. "तुझ्या बापानं कॉलेजात सांगितलं पहिल्यांदा," चंपाबाई मेथीची काडी मोडत म्हणाली. "मग बँकेत सांगितलं. मग सोयरिकीत सांगितलं. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ह्यांना विचारलंच कुणी?"

"तुला वाईट नाही वाटलं, आजी?"

"मला काय वाटायचंय! तो कोट धुवायला माझ्याकडेच होता ना. फौजेचा असता तर धोबी असता."

[फोटो २३. रद्द. परत. रद्द. परत.]

रत्नपालजींनी फोटो पाहिला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. हळूच, हातानं झोपलेल्या मुलाचे डोळे झाकावे तसं.

"हा काढून टाक."

"का?"

"साठ फोटो आहेत तुझ्याकडे. एक कमी झाला तर दुनिया नाही बुडणार."

"पप्पा, तो त्यांच्या घरचा फोटो आहे. त्यात आपले आजोबा आहेत. दोन्ही घरांचा मिळून एकच फोटो आहे चारशे बारांत. आणि तोच काढू?"

"नंदू, तू एसी ऑफिसात बसतेस. बँडवाल्याशी लोक कसं बोलतात हे तू ऐकलेलं नाहीस. मी ऐकलंय. वीस वर्षांचा होतो. वर्गातल्या मित्राच्या घरी लग्न, मी पाहुणा म्हणून गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि समोर दादा, म्हणजे तुझे आजोबा, वाजवतायत." त्यांचा हात अजून झाकणावर होता. "त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. माझ्यासाठी दाखवली नाही. मी पण दाखवली नाही. मी कुणासाठी नाही दाखवली, ते मला अजून सांगता येत नाही."

नंदिनीनं झाकण पुन्हा उघडलं. 

"मला हे बाहेरून कळायला नको होतं, पप्पा. मशीननं सांगितलं मला. तुम्ही सांगायला हवं होतं."

"आबासाहेबांनी होकार कशावर दिलाय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"ज्या घरात मी आयुष्यभर राहणार, तिथं मी आजोबांना लपवून नाही राहणार. भिंतीवर फोटो लावेन तेव्हा लोक विचारतील, मग काय दर वेळी मार्च वाजवू?"

पप्पा उठून गॅलरीत गेले. तिथून, मागे न वळता म्हणाले, "कर मग. पण मी स्टेजवर नाही येणार."

[आवाज. फोटो नंतर.]

आता संगीताचा प्रश्न एकाच फोटोपुरता उरला होता आणि त्यामुळे जास्तच कठीण झाला होता. फोटो २३ खाली काय वाजणार? मार्च म्हणजे खोटं. चौघडा म्हणजे दुसऱ्याचं. नवजीवन बँड तर कधीच बंद पडला होता, त्याचं रेकॉर्डिंग कुणी कशाला करून ठेवेल?

कुणीतरी ठेवलं होतं.

यशवर्धनला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. "म्हणजे माझ्या बापाची वरात तुझ्या आजोबांनी काढली? क्या बात है यार! मग आपलं लग्न तर तेव्हाच ठरलं होतं." मग त्याला आठवलं की लॉकडाउनमध्ये त्यानं घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. त्यात एक होती लग्नाची. कुणी काका नवा टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून वरातीत फिरले होते.

संध्याकाळी त्यानं तुकडा पाठवला. तेहतीस सेकंद. ढोल, मग क्लॅरिनेट, त्या वर्षी घरोघर वाजणारी एक सिनेमाची चाल, मग क्लॅरिनेट एकदम वर जाते आणि एका सुरावर थांबूनच राहते, थांबूनच राहते, आणि मग सगळा बँड तिच्या अंगावर कोसळतो.

नंदिनीनं तो अकरा वेळा ऐकला. मग स्कूटी काढली.

तात्यारावांनी हेडफोन नको म्हटलं. फोन खाटेवर ठेवून, त्याच्याकडे कान करून, डोळे मिटून ऐकलं. ऐकताना त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. क्लॅरिनेट वर गेली तसे त्यांचे डोळे उघडले.

"परत लाव."

लावलं.

"हे फाटलंय," ते म्हणाले.

"फाटलं नाही आजोबा, कॅसेट जुनी आहे, म्हणून खरखर..."

"खरखर नाही म्हणत मी. इथं मधलं काहीतरी गळालंय. मी असा वर जाणार नाही. तिथं दोन ओळी खाली वाजवायच्या असतात, मग वर. बिनाकारण वर गेलो तर शंकर म्हणेल, मास्टरला माज आला." त्यांनी फोनवर बोट आपटलं. "काय गळालंय ते विचार त्याला."

तिनं अंगणात जाऊन विचारलं.

 फोनवर पलीकडून यशवर्धन म्हणाला, "पाच सेकंद काढलेत."

"का?"

"नंदिनी, प्लीज. पाचच सेकंद आहेत. चाल तशीच आहे, आजोबा तसेच आहेत. तुला ते ऐकायची गरज नाही."

"पाठव."

"ऐक तर..."

"यश, पाठव."

[आवाज. पूर्ण.]

१ ते ९. ढोल. अगदी जवळ कुणीतरी खोकतं, विचारतं, "चालू आहे का रे हे?"

१० ते १४. क्लॅरिनेट.

१५ ते १८. एका माणसाचा आवाज. खणखणीत, सवयीचा, रागावलेलाही नाही. "ए बाजेवाल्या! ओट्यावरून उतर खाली. घर बाटवतोस काय?"

१९. ढोल एका ठोक्यापुरता अडखळतो.

२० ते ३१. क्लॅरिनेट वर जाते. एकच सूर. बारा सेकंद.

३२ ते ३८. सगळे.

तो आवाज नंदिनीनं ओळखला. गेल्या दिवाळीत आबासाहेबांनी त्याच आवाजात तिला म्हटलं होतं, "सूनबाई, अजून एक अनारसा घ्या."

तिनं ते आजोबांना ऐकवावं की नाही, या विचारात ती उंबऱ्यावर उभी राहिली. पण फोनचा आवाज मोठा होता आणि दीड खोलीत गुपित ठेवायला जागा नसते. चंपाबाईनं हातातली मेथी खाली ठेवली होती.

"हां," तात्याराव आतून म्हणाले. "आता बरोबर आहे."

"आजोबा..."

"बघ, आता समजलं ना मी वर का गेलो? मला ओट्यावर चढावंच लागायचं. मागच्या माणसांना माझ्या क्लॅरिनेटचं टोक दिसलं पाहिजे. टोक खाली गेलं की थांबायचं, हा आमचा कायदा. गर्दीत दिसत नव्हतं, म्हणून चढलो. आता हा म्हणतोय उतर. उतरायला पायऱ्या तीन. उतरताना मान खाली घातली की टोक खाली, टोक खाली की बँड बंद. म्हटलं, पायांनी उतरतो. टोक नाही उतरवत." ते उठून उभे राहिले आणि एक्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी, हनुवटी छताकडे करून, रिकाम्या हातांत क्लॅरिनेट धरून, खाटेपासून दारापर्यंत तीन पायऱ्या उतरून दाखवल्या. "शंकर चुकला एक ठोका. घाबरला. मग टोक बघितलं आणि आला परत."

"बारा सेकंद एका श्वासात," नंदिनी म्हणाली.

"बाराच? मला जास्त वाटलं होतं."

चंपाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि मेथीवर राग काढत म्हणाली, "तेव्हा घरी येऊन बोलला नाहीत मला."

"काय बोलायचं? असं म्हणणारे एका सीझनला वीस भेटायचे. असा सूर मात्र सीझनला एकदाच लागतो."

"यश म्हणतो, ते पाच सेकंद कापू या," नंदिनी म्हणाली.

तात्याराव खाटेवर बसले. श्वास लागला होता. "त्याला सांग, त्या बोलण्याचं मला काही नाही. पण ते कापलं तर सूर कशावर उभा राहील? लोकांना वाटेल म्हातारा उगाच किंचाळला. लावायचं तर सगळं लाव. नाहीतर तुमची ती बासरी लाव."

[फोटो २३. वेळ: अडतीस सेकंद. बाकीच्या फोटोंना संगीत नाही.]

असं तिनं लिहिलं आणि यशवर्धनला पाठवलं. खाली आणखी एक ओळ: न कापता. नाहीतर फोटोही नाहीत, मीही नाही.

तो घरी आला. सोफ्यावर बसला, उठला, परत बसला. "आबासाहेब उठून जातील."

"जाऊ देत."

"पंच्याऐंशीचे आहेत. सगळ्यांसमोर त्यांना..."

"तेव्हा पण सगळ्यांसमोरच होतं. वरात होती, यश. अख्खी गल्ली होती. हवं तर त्यांना आधी सांग. तुझ्याकडे सहा दिवस आहेत. मला त्यांना पकडायचं नाहीये. मला आजोबांना सोडायचं नाहीये, एवढंच."

"सांगतो," तो म्हणाला.

[हॉल.]

सांगितलं नव्हतं. स्लाइड शो सुरू झाला आणि त्यानं नंदिनीकडे एकदाही बघितलं नाही, त्यावरून तिला कळलं.

संगीताशिवाय फोटो पडद्यावर आले तेव्हा हॉलच्या साउंडवाल्यानं दोनदा वायर हलवून पाहिली. "मॅडम, आवाज नाही येऊन राहिला." नंदिनी म्हणाली, "भिया, असाच आहे." पहिले पाच-सहा फोटो लोक अवघडून गप्प बसले. मग एक आत्या ओरडली, "अगं बाई, ती मी!" आणि हॉल सुटला. हे बघ, तो बघ, केस होते तेव्हा याला, ही साडी अजून आहे माझ्याकडे. दोन्हीकडची माणसं एकमेकांना विचारायला लागली, हा कोण, ती कोण. इतकं चांगलं संगीत तिला अकरा दिवसांत कुठंच मिळालं नव्हतं.

फोटो २२. तात्याराव, भिंतीवरचा लाल कोट. पहिल्या रांगेत मालोजीरावांनी मान हलवली, एक फौजी दुसऱ्याला पाहून हलवतो तशी.

फोटो २३.

तोच कोट. वरात. ढोल वाजला आणि हॉल हसला, कारण घोडीवर यशवर्धनचे वडील विक्रमराव मिशा पिळून बसले होते. कुणीतरी शिट्टी मारली. मग लोकांनी लाल कोटातला चेहरा पाहिला. कुजबुज मागून पुढे येऊ लागली आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचायच्या आत पंधरावा सेकंद आला.

ए बाजेवाल्या. ओट्यावरून उतर खाली. घर बाटवतोस काय.

हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून.

मालोजीराव काठीवर जोर देऊन उभे राहिले. तोपर्यंत क्लॅरिनेट वर गेली होती. "बंद करा हे!" ते म्हणाले. आवाज अजून तसाच खणखणीत होता, त्यामुळे कुणाला शंका राहिली नाही. "बंद करा म्हणतो ना!"

साउंडवाल्याचा हात बटणाकडे गेला.

"भिया, हात नको लावू."

हे रत्नपालजी बोलले. ते स्टेजवर येणार नव्हते, आलेही नव्हते. शेवटच्या रांगेत, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी उभे होते. त्यांनी टेबलावर पंजा ठेवला होता आणि तो जागचा हलला नाही. "चालू दे. माझे वडील वाजवतायत."

सूर संपला. सगळा बँड कोसळला. अडतीस.

नंदिनीनं शो तिथंच थांबवला.

मालोजीराव तात्यारावांकडे वळले. दोघांच्या मध्ये फक्त गालिच्याची पट्टी होती. "हे तुम्ही लोकांनी ठरवून केलंत."

"ठरवून काय करायचं, रावसाहेब?" तात्याराव बसल्या जागेवरून म्हणाले. "तुम्ही तेव्हा ठरवून बोलला होतात का?"

"मला असं काही बोलल्याचं आठवत नाही."

"मला तरी कुठं आठवत होतं. तुमच्याच टेपला आठवलं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच हसू गिळलं. मालोजीरावांनी विक्रमरावांकडे पाहिलं. विक्रमराव अर्धे उठले, मग पडद्यावरच्या घोडीवरच्या स्वतःकडे त्यांची नजर गेली आणि ते पुन्हा बसले. काठीचा आवाज एकटाच दरवाजाकडे गेला. दरवाजा मिटला.

यशवर्धन नंदिनीपाशी आला. शेरवानीची कॉलर घामानं चिकटली होती. "मी सांगणार होतो. रोज सकाळी ठरवायचो."

"पण सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं." त्यानं चिकटलेली कॉलर सोडवली. "डरलो यार. आता काय?"

"आता सगळ्यांनी ऐकलंय. तुझ्याकडे लपवायला काही नाही, माझ्याकडे पण नाही. अंगठी घालायची असेल तर घाल. नसेल तर जेवून जा, श्रीखंड चांगलं आहे."

 त्यानं वळून माईक घेतला, आणि जे सहा दिवसांत एका माणसाला सांगता आलं नव्हतं ते तीनशे माणसांना सांगितलं. वाक्य नीट जमलं नाही. "ते, म्हणजे वाजवणारे, ते नंदिनीचे आजोबा आहेत. आणि बोलणारे माझे आहेत. दोन्ही खरं आहे." माईक खाली ठेवला, परत उचलला. "अंगठी आत्ताच घालायची आहे मला."

त्रिशरण झालं. अंगठ्या झाल्या. विनीताताईंनी, यशवर्धनच्या आईनं, नंदिनीची ओटी भरली, आणि भरताना एकही शब्द बोलल्या नाहीत. त्या मौनव्रताचा हिशेब पुढे कधीतरी द्यावा लागणार होता. नंदिनीनं तो पुढेच ठेवला.

पानं वाढायला घेतली तेव्हा चंपाबाई बाहेर डोकावून आली. "बसलाय तो. बाहेरच्या सोफ्यावर. गाडी बोलवत नाही, आत येत नाही."

"बसू दे," तात्याराव म्हणाले. "आम्ही पण बसायचो. वरात आत गेली की शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेर. हिवाळ्यात लई गार पडायचं." त्यांनी पुरी मोडली. "पण पान पाठवा त्यांना. आणि गरम पाठवा. आम्हाला गार यायचं."

"मी नाही नेणार," चंपाबाई म्हणाली.

"तुला कोण सांगतंय? ज्याचा आजा आहे तो नेईल."

यशवर्धननं मुकाट्यानं पान उचललं. वाफ येत होती. खांद्यानं त्यानं दरवाजा ढकलला आणि पान सांभाळत, पायानं तो उघडा धरून उभा राहिला, कारण समोरच्या सोफ्यावरून कुणी हात पुढे करत नव्हतं.

"नंदे," तात्यारावांनी बोटं चाटत हाक मारली. "मघाशी शेवट नीट ऐकू आला नाही. ते मध्ये बोलत होते. परत लाव."

"परत?"

"हौ. सुरुवातीपासून."

नंदिनीनं दरवाजाकडे पाहिलं. तो सताड उघडा होता. तिनं आवाज दोन घरं वाढवला आणि ढोल सुरू केला.